रॉडच्या डब्यातला पंप

ताई, आधी हेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही सांगता येणार नाही. पंप आला होता. दिवाळीच्या आधीच आला होता. उरल्यातल्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात, माझ्या डोक्यावरच्या फळीवर, वेल्डिंग रॉडच्या रिकाम्या डब्यात, जुन्या बनियानीत गुंडाळून मीच ठेवला होता. होळीनंतरच्या त्या दिवशी सकाळी दहाले तुझा फोन आला, रोजच्यासारखा. "बाळ्या, पंप आला का रे?" मी म्हटलं, "नाही ना ताई. उद्या-परवा येते म्हणून राहिला पंपवाला." बोलताना मी त्या डब्याकडेच पाहत होतो. अकराले शेजारच्या वहिनीचा फोन आला. तुझा चहा टेबलावर तसाच आहे, तू खुर्चीत बसून आहे आणि हाक मारली तर ओ देत नाही.

आपलं ते शेवटचं बोलणं. त्यात माझी दोनच वाक्यं होती आणि दोन्ही खोटी होती.

आज नववा दिवस. मले काही होऊनच नाही राहिलं. ही तक्रार नाही, जसं आहे तसं सांगतो. लोक येतात, पाठीवर हात ठेवतात, "रो लो भैया, हल्का लगेगा" म्हणतात, मी हव म्हणून मान हलवतो. वाढलं की जेवतो. मीठ कमी आहे की जास्त, समजत नाही. तुले अग्नी मीच दिला, तेव्हा हात थरथरला नाही. ग्राइंडर धरणारा हात आहे, तो नाही थरथरत, असं मी जावयाले, मंजूच्या नवऱ्याले सांगितलं.

मंजू बिलासपूरहून पहिल्याच दिवशी आली. आत्याची सगळी मराठी माझ्या पोट्टीले समजते, पण उत्तर हिंदीतच देते. त्यावरून तू तिच्यावर किती चिडायची. काल अस्थी नेण्यावरून म्हणाली, "पापा, राजिम मेरी कार से चलेंगे न? एसी है, आपको आराम रहेगा।" मी म्हटलं, नाही. ताई तिच्या गाडीतच जाईल. मंजू हळूच म्हणाली, "वो गाड़ी तो अभी पूरी नहीं हुई है न, पापा?"

गाडी पुरी झालेली आहे. दिवाळीपासून झालेली आहे, एक पंप सोडून. आणि पंपाशिवाय ही गाडी रायपूरच्या बाहेर जाणार नाही, हे तूच बजावलं होतं. म्हणून आज सकाळी दुकानात गेलो, डबा घेऊन आलो आणि आता गाडीत बसून हे लिहून राहिलो. गल्लीच्या तोंडाशी, पिंपळाखाली, जिथे तू उभी केली होती तिथेच गाडी उभी आहे. वर फांदीले तुझा कलश बांधला आहे. उद्या दहावा. उद्या सकाळी कलश फांदीवरून सोडवायचा आणि राजिमले संगमावर न्यायचा. वहिनी आत्ताच बाजूने गेल्या, माझ्या हातात पाना पाहून म्हणाल्या, "भाऊजी, सुतकात अवजार काहून धरून राहिले?" मी म्हटलं, "ताईचंच काम आहे."

लोक रिटायर झाले की चारधाम करतात, गुडघे बदलतात. तू शाळेची जुनी व्हॅन आणली. मले न सांगता आणली, हे मी अजून विसरलो नाही. चौतीस वर्षं दफ्तरात फायली सरकवल्या म्हणून तुले वाटलं, व्हॅनचं रजिस्ट्रेशन बदलणं म्हणजे डाव्या हातचा मळ. आणि तू ते केलंही, माझ्याच्यानं झालं नसतं. पिवळी गाडी, बारा पोरांची, सीटांखाली गोळ्यांचे कागद, पेन्सिलीचे तुकडे, एका खिडकीच्या पट्टीवर कोण्या पोट्ट्याने खिळ्याने कोरलेलं 'बंटी'. मी म्हटलं, "ह्या डब्याचं काय करू?" तू म्हणाली, "घर कर." सीटांखाली सापडलेली एक लाल पेन्सिल तू कानामागे खोचली, ती वर्षभर तिथेच होती. शिलाईच्या टेपने मापं घ्यायची आणि लाल पेन्सिलीने पत्र्यावर खुणा करायची. सुताराची टेप मी तीनदा आणून दिली. तीनदा तू तिच्याने वांग्याची झाडं बांधून ठेवली.

तुले जायचं होतं बस्तरमधून खाली, घाट उतरून थेट समुद्रापर्यंत. अभनपूर, धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, जगदलपूर, मग पुढे. दोन महिने, म्हणाली. जिथे बरं वाटलं तिथे थांबायचं, जिथे नाही वाटलं तिथून निघायचं. एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकली होती, आता सहासष्टावं चालू होतं, आणि बोलून अशी राहिली होती की जशी वीस वर्षांची पोट्टी.

श्रावणात एकदा तू मले विचारलं. मी गाडीच्या छताखाली पाठीवर पडून वायर ओढत होतो. तू खालून टॉर्च धरला होता. म्हणाली, "बाळ्या, तू येतो का?" एवढंच. मी वरच पाहत म्हटलं, "मी येऊन काय करू? मले उरल्याची धूळच बरी. तुले जायचं तर तू जा." तू म्हणाली, "बरं." आणि टॉर्च नीट धरला.

मी थांबलो होतो, तू दुसऱ्यांदा विचारशील म्हणून. खरंच सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी आढेवेढे घेतले असते, आणि तिसऱ्यांदा हो म्हटलं असतं. पण तू दुसऱ्यांदा विचारणारी बाई नव्हतीच. लहानपणी पोळी हवी का म्हणून एकदा विचारायची, नाही म्हटलं की ताट उचलायची.

आता लोखंडाचं भांडण. ते मी मुद्दामच सविस्तर लिहून राहिलो, कारण त्यात मी अर्धा बरोबर होतो. रोलिंग मिलवाल्यांचे गेट, रेलिंग, ट्रॉल्या करण्यात माझं आयुष्य गेलं. मले एकच माहीत, मजबूत म्हणजे जड. तुझी खाट मी चौकोनी पाइपची केली, खाली पाच एमएमचा अँगल. दोन हत्ती झोपले तरी हलली नसती. तू भरली चोपन्न किलो. स्वयंपाकाचा ओटा केला तोही अँगलचा, वर चकाकणारा पत्रा, कोपरे असे घासले की हात फिरवला तर वेल्डिंग कुठे आहे सापडणार नाही. ताई, तो ओटा माझं सगळ्यात चांगलं काम होतं. मी केलेल्या मंदिराच्या गेटपेक्षाही. तुले दाखवायले म्हणून मी त्यावर चादर टाकून ठेवली होती, आणि तू आल्यावर चादर ओढली. तू म्हणाली, "वा." मग गाडीच्या मागे गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "बाळ्या, चाकं कुठे गेली?"

मागच्या चाकांवरच्या कमानी वजनाने बसल्या होत्या. गाडी अशी बसली होती की जशी जेवून सुस्तावलेली म्हैस. मी म्हटलं, "कमानी बदलू, ट्रकच्या टाकू." तू म्हणाली, "आधी तोलून पाहू."

म्हणून आपण उरल्याच्या धरमकाट्यावर गेलो, ट्रकांच्या लाइनीत. पुढे सळयांचा ट्रक, मागे कोळशाचा, मध्ये आपली पिवळी व्हॅन, खिडकीले तुझे फुलांचे पडदे. आपण दोघं खाली उतरलो, नुसती गाडी काट्यावर. काटेवाल्या भैयाने आकडा पाहिला, काचेतून मुंडी बाहेर काढली. "दीदी, ये स्कूल वैन है कि सरिया की गाड़ी? क्या भर के लाए हो?"

तू म्हणाली, "भैया, मेरे भाई का प्यार भरा है।"

तो हसला, मागचा ट्रकवाला हसला, मीही हसलो असतो, पण मले राग आला होता. तू पावती घेतली, रस्त्याच्या कडेले उभी राहून कानामागची पेन्सिल काढली, वहीत काही लिहिलं, माझ्यापासून वही झाकून. आणि म्हणाली, "ऐंशी किलो निघाले पाहिजेत."

मी तोंडी हिशेब केला. गाडीच्या कागदावर जेवढं वजन मंजूर आहे, त्यात हे सगळं बसत होतं. तुझं वजन धरून, पाणी धरून, सिलिंडर, बॅटरी, गादी, सगळं धरून. काठावर बसत होतं, पण बसत होतं. मी म्हटलं, "बसते ना सगळं! मग ऐंशी काहून?" तू म्हणाली, "काढ म्हटलं ना." "अरे पण काहून? शिलाई मशीन नेते का काय? की दफ्तरातल्या फायली?" तू वही बंद केली. "हव. तसंच समज."

ओटाच काढावा लागला. खाट काढली तर तू झोपशील कुठे? दोन दिवस मी माझंच काम ग्राइंडरने कापत होतो. ठिणग्या उडत होत्या आणि मी तुले शिव्या देत होतो, मोठ्याने, कारण ग्राइंडरच्या आवाजात कोणाले ऐकू येत नाही. अकरा दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. एका घरात राहून. तू ताट वाढायची, मी जेवायचो, ताट घासून ठेवायचो, झालं. बाराव्या दिवशी तू डोक्यावर प्लायचा तुकडा घेऊन आली, म्हणाली, "हे पकड," आणि मी पकडलं. प्लायचा ओटा तूच केला. एक दार वर, एक खाली, दोन्ही जराशी तिरपी. मी तिरपं म्हटलं तर म्हणाली, "मग काय झालं, अंघोळ झाल्यावर केस झटकताना मीही तिरपीच उभी राहते."

छताच्या भोकाचं भांडण तर तसंच राहून गेलं. तुले वर पंखा पाहिजे होता, हवा बाहेर फेकणारा. मी म्हटलं, चांगल्या छताले भोक पाडणं म्हणजे डोकं ठिकाणावर नसणं. मी एका गेटच्या मापाले गेलो आणि तू माझीच जिगसॉ घेऊन भोक पाडलं. एक इंच वाकडं. वर पंखा बसवला, चारी बाजूंनी सिलिकॉन भरलं, नाकाच्या शेंड्यालेही. पहिलं पाणी पडलं आणि गादी ओली. मी म्हटलं, "सांगितलं होतं." तू म्हणाली, "माझ्या भोकातून नाही, तुझ्या कॅरियरच्या बोल्टातून गळते." सहा महिने हेच. भोक, बोल्ट. बोल्ट, भोक. मंजूचा फोन आला की ती आधी विचारायची, "आज किसका पानी गिरा?"

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी छतावर चढलो. वर कलश टांगलेला, त्याले धक्का लागू नये म्हणून वाकून. पंख्याभोवती पाच बादल्या पाणी ओतलं, खाली उतरून पाहिलं. गादी कोरडी. मग कॅरियरच्या बोल्टांवर एक बादली ओतली. डाव्या बाजूचा मागचा बोल्ट, ताई. थेंब थेंब, बरोबर उशीवर. गल्लीतले लोक दारात उभे राहून पाहत होते. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं फिरलं. तुझं खरं होतं. हे मी इथे लिहून देतो. बोल्टाखाली रबराचा वायसर टाकला, आता नाही गळत.

तुझं खरं निघालं तरी मले काही वाटलं नाही. तू असती तर आठ दिवस मले टोचलं असतं. मी वाट पाहत होतो की कोणी टोचेल.

आता पंपाचं. तुझ्या सगळ्या गाडीत तुझी अट एकच होती. खाट कशीही चालेल, पंखा वाकडा चालेल, पण नळ उघडला की पाणी आलं पाहिजे. बादली नाही, तांब्या नाही, सुरई नाही. मी एकदा म्हटलं होतं, कॅन ठेव ना वीस लिटरची, खाली तोटी लाव, काम झालं. तू माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. मले समजलं होतं. आई आजारी असायची तेव्हा गल्लीच्या नळावरून घरभराचं पाणी तू भरायची. तू बारा वर्षांची, दोन्ही हातांत बादल्या. मी सात वर्षांचा, मागून एक तांब्या घेऊन, अर्धा रस्त्यात सांडत. तांब्याभर पाणी आणल्याबद्दल आई माझं कौतुक करायची. तुझं कोणी केल्याचं मले आठवत नाही. आपल्या घरात नळ आला तेव्हा तुझे केस पिकायले लागले होते. पहिल्या दिवशी तू तो नळ उघडून नुसती उभी राहिली होती आणि मीच ओरडलो होतो, "ताई, पाणी वाया चाललं!"

हे सगळं मले माहीत होतं. म्हणूनच मी पंप लपवला. दुसरं काही लपवलं असतं तर तू त्याच्याशिवाय निघाली असती. बॅटरी नसती तर कंदील घेतला असता. पंपाशिवाय तू निघणार नाही, हे माहीत असलेला माणूस दुनियेत एकच होता, आणि त्यानेच हे केलं.

काहून केलं, तेही सांगतो. मंजूची आई शोभा गेली त्याले नऊ वर्षं झाली. मंजू तिच्या घरी. सात वाजता दुकान बंद करून मी घरी येतो तेव्हा आत दिवा असतो आणि तू विचारते, "हात धुतले का?" साठी उलटलेल्या माणसाले. दोन महिने दिवा नसता, ताई. दोन महिने मी कोणाशी भांडलो असतो? सरळ म्हणायले पाहिजे होतं, नको जाऊ. किंवा म्हणायले पाहिजे होतं, मलेही ने. दोन्ही मले बोलता नाही आलं, म्हणून पंप आला नाही असं म्हणालो. आधी वाटलं, आठ दिवस. मग थंडी आहे, थंडीत काहून जायचं. मग संक्रांत झाली की सांगू. संक्रांतीले तू तिळगूळ घेऊन दुकानात आली होती, मी बाहेर मापाले गेलो होतो. परत आलो तर तू गेलेली, तिळगुळाचा डबा टेबलावर, आणि माझ्या डोक्यावरची फळी झाडून-पुसून लख्ख. मी टाचा उंच केल्या. पाहिलं तर रॉडचा डबा जागच्या जागी, झाकण लावलेलं. मी म्हटलं, चला, वाचलो. तुले सफाईची सवयच होती, कोणाच्याही घरी गेली तरी फडकं मागायची.

मग होळी झाली. रोज दहाले फोन. "पंप आला का रे?" "नाही ना ताई." कधी वैतागली नाही. कधी म्हणाली नाही, दुसरीकडून मागव. तुझ्यासारखी बाई, जी दफ्तरातल्या साहेबाकडेही दोनदा खेटे घालायची नाही, ती चार महिने एका पंपासाठी गप्प बसली. मले तेव्हाच शंका यायले पाहिजे होती. पण खोटं बोलणाऱ्याले आपलं खोटं चालून राहिलं याचाच आनंद असते.

तर आता दुपारचे तीन. आत्ता जे झालं ते लिहितो.

ओट्याखालचा कप्पा उघडायचा होता, पंप तिथेच बसतो, टाकीच्या बाजूले. त्याचं दार तू संक्रांतीनंतर चार स्क्रूंनी बंद करून टाकलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "पोट्टे गाडीत येऊन खेळतात, वायरी ओढतात. पंप आला की तूच उघड." मी म्हटलं, बरं. मले तर बरंच होतं, त्या कप्प्याकडे पाहायलेच नको वाटायचं. आज पेचकस लावला. तीन स्क्रू सरळ निघाले, चौथा तू वाकडा ठोकला होता, तो तासभर निघेना. शेवटी निघाला. दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूले धरमकाट्याची पावती चिकटवलेली. उलटी. मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेन्सिल, तुझं अक्षर. मंजूले बाहेरून दिसलं असेल मी गुडघ्यावर बसलो आहे, ती म्हणाली, "पापा, मदद करूँ?" मी म्हटलं, "नको बेटा."

तू असं लिहिलं आहे, सगळे आकडे किलोचे. पाणी साठ. सिलिंडर भरलेला तीस. बॅटरी बत्तीस. गाद्या दोन, चौदा. मी एकदम थांबलो, गाद्या दोन काहून? तुझ्या खाटेवर तर एकच आहे. मग खाटेखालचा खण ओढून पाहिला. दुसरी गादी तिथे आहे, गुंडाळलेली, कोरी, त्याच फुलांच्या कापडाची खोळ, माझ्या उंचीची. मी एवढे दिवस त्याच खाटेवर बसून लोकांना चहा देऊन राहिलो होतो.

भांडे-किराणा वीस. त्याच्या खाली, पंप दोन, आणि कंसात, रॉडच्या डब्यात आहे.

मी ते चारदा वाचलं. रॉडच्या डब्यात आहे. ना उद्गारचिन्ह, ना काही. सिलिंडर भरलेला, तसं पंप रॉडच्या डब्यात.

त्याच्या खाली, मी चोपन्न.

त्याच्या खाली, बाळ्या अठ्ठ्याहत्तर.

मग बेरीज, आणि बेरजेखाली एक शब्द, 'चालते.'

ऐंशी किलो, ताई. माझा ओटा काढायले लावला तो माझ्यासाठी जागा करायले. मी ग्राइंडरने स्वतःची जागा कापून काढत होतो आणि तुले शिव्या देत होतो. श्रावणात मी नाही म्हटलं, तू बरं म्हटलं, आणि काट्यावर जाऊन मले मोजून ठेवलं. डबा तुले सापडला तेव्हा तू बोलली नाही. झाकण लावलं, फळी पुसली, तिळगूळ ठेवला. आणि रोज सकाळी दहाले फोन करत राहिली, पंप कुठे आहे ते माहीत असून.

तू दुसऱ्यांदा विचारणारी बाई नव्हतीच, असं मी वर लिहिलं आहे. ते खोडतो. तू रोज विचारत होती. त्या दिवशीही विचारलं. मीच रोज नाही म्हणत होतो.

पंप बसवला. दोन वायरी, दोन पाइप, वीस मिनिटांचं काम. मंजूने गल्लीतून पाइप आणून टाकी भरून दिली. स्विच दाबला तर आधी नुसता घुर्रघुर्र आवाज, पाइपात हवा होती. मग नळ खोकला, आणि पाणी आलं. चांगल्या धारेने आलं. तुझ्या तिरप्या ओट्यावर, तुझ्या स्टीलच्या भांड्यात, खालच्या नळीने बाहेर पिंपळाच्या मुळाशी.

मंजू म्हणाली, "पापा, चल गया! अब बंद कर दीजिए, पानी बह रहा है।"

मी बंद नाही केलं. खाटेवर बसलो आणि पाहत राहिलो. पुरी टाकी रिकामी होईपर्यंत, साठच्या साठ लिटर. मंजू आधी दारात उभी होती, मग आत आली, माझ्या बाजूले बसली. शेवटी पंप कोरडा फिरायले लागला, तेव्हा मी स्विच बंद केला.

टाकी उद्या पहाटे पुन्हा भरतो. सहाले निघतो. मागे दुसरी गादी उलगडून ठेवली आहे.